सुखाच्या आड येणारा 'च'

'बी पॉझिटिव्ह हा फक्त रक्तगट नव्हे, ती जगण्याची रीत आहे', हा निरोप दर दोन-तीन महिन्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून येतो. मागे उगवता सूर्य, पुढे वाफाळता चहा. पाठवणाऱ्या मावशींचा हेतू चांगलाच असतो आणि सकाळी उठून कुणाची आठवण काढण्यात वाईट काही नाही. पंचाईत होते ती हाच निरोप नको त्या दिवशी येतो तेव्हा. एमपीपीएससीच्या प्रिलिम्सचा निकाल लागलेला असतो, यादी तीनदा वरपासून खालपर्यंत पाहून झालेली असते, नंबर नसतो. आणि फोनवर काका म्हणतात, "अगं, तू आधीपासूनच निगेटिव्ह विचार करत होतीस. पॉझिटिव्ह राहिली असतीस तर झालं असतं."

म्हणजे एका फटक्याऐवजी दोन. आधी नापास झाल्याचं दुःख, मग ते आपल्याच विचारांमुळे झालं हा ठपका. त्यातून तिसरी गोष्ट जन्माला येते: आता रडायचंही नाही, कारण रडणं म्हणजे निगेटिव्ह.

विचारांचा सुखाशी संबंध असतो का? असतो, आणि चांगला घट्ट असतो. पण तो आपल्याला सांगितला जातो तसा नसतो. 'सगळं छान होणार' असं मनाला बजावत राहणं आणि सुखी होणं यांच्यात जे अंतर आहे, त्याबद्दल मानसशास्त्रात गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ काम झालं आहे. त्यातला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे येण्याआधी दोन प्रयोग थोडक्यात सांगते.

गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वप्नरंजनाचा अभ्यास केला. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांना त्यांनी विचारलं, चांगली नोकरी लागल्याची चित्रं तुमच्या मनात किती वेळा येतात? दोन वर्षांनी त्यांची परिस्थिती पाहिली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं असं की, जे सुखस्वप्नांत जास्त रमले होते त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांसाठी बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला. गंमत पुढे आहे. ज्यांना 'आपल्याला नोकरी मिळण्याची शक्यता बरी आहे' असा अंदाज होता, त्यांचं मात्र चांगलं झालं. अंदाज हा मागच्या अनुभवावर उभा असतो. स्वप्नाला अनुभव लागत नाही. मनात नियुक्तीपत्र हातात आलेलंच असतं, मग अर्ज भरायला कोण उठणार?

दुसरा प्रयोग कॅनडातला, जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००९ सालचा. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य काही जणांना मनात पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात बरं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना या वाक्याची खरी गरज होती, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. ज्यावर आपला विश्वास नाही ते घोकायला लागलं की मन आतून लगेच उत्तर देतं: 'हो का?'

आता तो माणूस. त्याचं नाव अल्बर्ट एलिस.

एलिसचा जन्म १९१३चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधला. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. वडील सतत कामानिमित्त बाहेर, आई आपल्याच नादात. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं तो वारंवार दवाखान्यात असायचा, एकदा तर जवळजवळ वर्षभर. आणि भेटायला येणारं कुणी फारसं नसायचं. घरी आल्यावर धाकट्या भावंडांकडे पाहायचं कामही बरंचसं त्याच्यावर. अशा बालपणातून एखादा कडवट माणूस तयार झाला असता तर आपण 'साहजिक आहे' म्हटलं असतं. एलिस कडवट झाला नाही, पण भयंकर लाजाळू झाला. मुलींशी बोलायचं म्हटलं की याच्या तोंडाला कुलूप.

एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःलाच एक गृहपाठ दिला. घराजवळच्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली कुणी स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत काहीतरी बोलायला सुरुवात करायची. हवेबद्दल, फुलांबद्दल, ती वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल. महिनाभर त्यानं हे केलं. नंतर तो हिशेब सांगायचा: एकशे तीस जणी भेटल्या, तीस जणी उठून निघून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. पुन्हा भेटायला कबूल झाली फक्त एक, आणि तीही आली नाही.

(आजच्या काळात बागेत अनोळखी बाईच्या शेजारी असं जाऊन बसणं कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नको. गोष्ट १९३०च्या दशकातली आहे.)

यशाच्या फूटपट्टीनं मोजलं तर शंभरापैकी शून्य. पण एलिसला दुसरंच काही सापडलं. कुणी त्याला मारलं नाही, कुणी ओकारी केली नाही, पोलिसांना बोलावलं नाही. नकार मिळाला आणि आभाळ होतं तिथंच राहिलं. ज्या गोष्टीची त्याला इतकी वर्षं धास्ती होती ती गोष्ट शंभरदा घडली आणि तो धडधाकट घरी येऊन जेवला. त्याची भीती गेली ती 'मुली मला होच म्हणतील' असा चांगला विचार केल्यानं गेली नाही. 'नाही म्हणाल्या तरी चालण्यासारखं आहे' हे अंगानं अनुभवल्यानं गेली.

पुढे त्यानं कोलंबिया विद्यापीठातून १९४७ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली, काही वर्षं फ्रॉइडच्या पद्धतीनं लोकांवर उपचार केले. रुग्ण कोचावर पडून बालपणाबद्दल वर्षानुवर्षं बोलत राहतो आणि बरा मात्र होत नाही, हे पाहून त्याचा धीर सुटला. १९५५च्या सुमारास त्यानं स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणतात. तिचा पाया त्यानं ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडून घेतल्याचं तो मोकळेपणानं सांगे. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मलेला माणूस. माणसाला त्रास घटनेमुळे होत नाही, घटनेकडे पाहण्याच्या दृष्टीमुळे होतो, हे त्याचं म्हणणं.

एलिसनं हे ए, बी, सी अशा तीन अक्षरांत बसवलं. 'ए' म्हणजे घडलेली घटना. 'सी' म्हणजे तिचा आपल्यावर झालेला परिणाम. आपण समजतो की ए मुळे सी होतो. पण मध्ये 'बी' बसलेला असतो: त्या घटनेबद्दलचा आपला ग्रह.

निकालाचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, इंदूरमध्ये एकाच क्लासला जाणाऱ्या दोन मैत्रिणी आहेत. दोघींचा हा दुसरा प्रयत्न, दोघींचंही नाव यादीत नाही. घटना एकच. एक जण तीन दिवस रडते, चौथ्या दिवशी चरफडत का होईना प्रश्नपत्रिका काढून बसते. कुठे मार्क गेले, आणखी एक प्रयत्न करायचा की बी.एड.चा अर्ज भरायचा, घरी पैशांचं काय, असा विचार करते. दुसरी दोन महिने खोलीबाहेर येत नाही. फोन घेत नाही. मंगळागौरीला गेली नाही, कारण तिथे कुणीतरी विचारणार. दोघींच्या मधला फरक पहिली 'पॉझिटिव्ह' आहे हा नाही. पहिलीही दुःखीच आहे. फरक मधल्या 'बी'मध्ये आहे. पहिलीचा ग्रह: 'मला हे खूप हवं होतं, मिळालं नाही, वाईट झालं.' दुसरीचा: 'हे मला मिळायलाच हवं होतं. मिळालं नाही, म्हणजे मी कुचकामी.'

वाक्यं जवळपास सारखी आहेत. एक 'च' तेवढा जास्त आहे.

एलिस इंग्रजीत याच शब्दाच्या मागे लागला होता. माणसाच्या बहुतेक मानसिक दुखण्यांच्या तळाशी तीन हट्ट असतात, असं तो म्हणे. मी उत्तमच केलं पाहिजे आणि सगळ्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे. दुसऱ्यांनी माझ्याशी नीटच वागलं पाहिजे. आणि जग मला सोपंच असलं पाहिजे. इंग्रजीत हे सांगायला त्याला एक शब्द घेऊन त्यावर थोडी चावट कोटी करावी लागली. आपल्याकडे काम एका अक्षरात होतं. मराठीतला 'च' शब्दाला चिकटला की इच्छेचा हुकूम होतो. 'व्हायला हवं' आणि 'व्हायलाच हवं', 'चुकू नये' आणि 'चुकताच कामा नये' म्हणून पाहा. दुसरं वाक्य म्हणताना जबडासुद्धा आवळला जातो.

आपण ज्या गावांत राहतो तिथल्या भाषांतही हा पाहुणा आहेच. हिंदीत तो 'होना ही चाहिए' म्हणतो. वडोदऱ्यात 'थवुं ज जोईए'. बेळगावात कन्नड बोलताना 'आगलेबेकु'. कोकणीतला 'च' तर आपलाच. आणि हैदराबादच्या दखनीतला 'ऐसाइच', 'वैसाइच' मराठीच्या शेजारामुळे आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. दोन-दोन, तीन-तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलांना एक सोय आहे: आपण कोणत्या भाषेत स्वतःवर हुकूम सोडतो ते ऐकू येतं. पुष्कळांना अभ्यासाचा धाक हिंदीत किंवा इंग्रजीत वाटतो आणि 'लोक काय म्हणतील' मात्र अस्सल मराठीत ऐकू येतं.

बिचाऱ्या 'च'ला सरसकट दोष द्यायला नको. 'हीच ती गल्ली', 'आईच्या हातचीच पुरणपोळी' यातल्या 'च'नं कुणाचं काही बिघडत नाही. तो 'हवं', 'नको', 'पाहिजे' यांच्या शेजारी बसला की मात्र लक्ष ठेवावं. आणि गंमत अशी की सकाळच्या त्या सकारात्मक निरोपांमध्ये तो खच्चून भरलेला असतो. 'मी जिंकणारच', 'यश मिळणारच', 'चांगलंच घडेल'. ज्याला आपण सकारात्मक विचार म्हणतो तो पुष्कळदा हट्टच असतो, सुंदर कपडे घातलेला. तो पुरा झाला नाही की मोडताना तितकाच मोठा आवाज करतो.

एलिसचं गोड बोलणाऱ्या संप्रदायाशी पटलं नाही ते यामुळेच. त्याच्या लहानपणी एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याची मोठी चलती होती. आपण दिवसेंदिवस सुधारत चाललो आहोत असं रोज स्वतःला सांगा, म्हणजे सुधाराल, असं तो शिकवी. पुढे १९५२ साली नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकाचं सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरचं पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. आज रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर जी रंगीत मुखपृष्ठं दिसतात त्यातली बरीचशी या दोघांची नातवंडं-पतवंडं आहेत. एलिसचं म्हणणं असं की, वाईट विचारावर चांगल्या विचाराचा रंग फासून उपयोग नाही, खालचा ओलावा तसाच राहतो. तो वाईट विचार बाहेर काढून त्याच्याशी भांडायला हवं.

भांडायचं कसं? त्या दुसऱ्या मुलीच्या 'मी कुचकामी' या वाक्यालाच धरू. पहिला प्रश्न, पुरावा काय? परीक्षेत पास न झाल्याचा पुरावा यादीत आहे. कुचकामी असल्याचा कुठे आहे? धाकट्या भावाला गणित शिकवणारी, आजीचं पेन्शनचं काम बँकेत जाऊन करणारी ती हीच ना? दुसरा, तर्कात बसतं का? मला एखादी गोष्ट फार हवी आहे, एवढ्यावरून ती मला मिळालीच पाहिजे हे कसं सिद्ध होतं? जागा थोड्या असतात आणि अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच ती फार हवी असते. तिसरा प्रश्न मला सगळ्यांत कामाचा वाटतो: हा ग्रह धरून ठेवून मला मिळतंय काय? दोन महिने खोलीत काढून पुढच्या प्रयत्नाची तयारी झाली का?

हे प्रश्न एकदा विचारून भागत नाही. वहीत लिहून काढावे लागतात, उत्तरंही लिहावी लागतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंटाळवाणं काम आहे. सूर्याचं चित्र पाठवणं सोपं असतं.

इथे एक गोष्ट आपल्या घरांमधून फार क्वचित बोलली जाते. नीट विचार केल्यावर माणूस आनंदीच होतो असं एलिस कधीच म्हणाला नाही. वाईट घटना घडली तर वाईट वाटणं हेच निरोगी मनाचं लक्षण आहे. त्यानं भावनांची विभागणी सुखद आणि दुःखद अशी केली नाही. दुःखद भावनांमध्येच दोन जाती केल्या. मराठीत त्यांना जोड्या मिळतात. परीक्षेआधी काळजी वाटते ती आपल्याला पुस्तक उघडायला लावते. चिंता उघडलेलं पुस्तक वाचू देत नाही. चूक झाली की खंत वाटते ती क्षमा मागायला पाठवते. अपराधगंड तोंड लपवायला लावतो. नाराजी सांगता येते, संताप आपलंच ब्लडप्रेशर वाढवतो. जवळचं माणूस गेलं की दुःख होतं, ते वाहून जायला वेळ द्यावा लागतो. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी 'आता पॉझिटिव्ह व्हा' म्हणणाऱ्यांना तर मी घराबाहेर काढीन.

म्हणजे या विचारातून मिळणारं सुख हे फार झगमगीत नाही. ते दुःख होऊनही कामाला लागता येण्याचं सुख आहे. पण टिकाऊ आहे.

आपल्या परंपरेत हे अगदी अनोळखी नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या कितीतरी घरांत एकेकाळी ते संध्याकाळी दिव्यापाशी म्हटले जात. लहानपणी आपण ते पाठांतर म्हणून म्हटले. आता मोठेपणी पाहिलं तर त्यांची रीत लक्षात येते. समर्थ मनाला 'सज्जन' म्हणून जवळ बोलावतात, समजावतात, झापतात, प्रश्न विचारतात. मनाशी बोलता येतं आणि त्याच्या म्हणण्याला उलट उत्तर देता येतं, हे त्यातलं गृहीत आहे. दोघांचे रस्ते वेगळे, एलिस तर पक्का नास्तिक होता. पण मनाला आपला मालक न मानता शिष्य मानायचं, हे दोघांचंही सारखं.

एलिस मराठीत आला तो योगायोगानं नव्हे. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि भारतात ती शिकवली. ठाण्याला १९९० साली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी लेखांतून, पुस्तकांतून, व्याख्यानांतून ती सामान्य वाचकापर्यंत नेली. डॉ. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक त्याची जीवनकथा त्याच्याच तोंडून सांगते. ज्यांना सिद्धान्त नको, गोष्ट हवी, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

एक मात्र धोका आहे आणि तो मोठा आहे. 'घटनेमुळे नाही, विचारांमुळे त्रास होतो' हे वाक्य चुकीच्या माणसाच्या हातात पडलं तर हत्यार होतं. सासरी मारहाण होणाऱ्या मुलीला 'तू वेगळ्या दृष्टीनं बघ' म्हणणं, किंवा चार महिने पगार न देणाऱ्या मालकाकडच्या पोराला 'समाधान मानायला शीक' म्हणणं, हा एलिस नव्हे. 'ए' बदलता येत असेल तर तो बदला, हे त्यानं स्वच्छ सांगितलं आहे. डोकं शांत करायचं ते अन्याय गिळण्यासाठी नाही. नीट लढता यावं म्हणून.

त्याच्यावरच ती वेळ आली. २००५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यानंच उभ्या केलेल्या न्यूयॉर्कमधल्या संस्थेच्या संचालक मंडळानं त्याला मंडळातून काढून टाकलं आणि दर शुक्रवारी संध्याकाळी तो घेत असलेली जाहीर कार्यशाळाही बंद केली. तिथे तो व्यासपीठावर येणाऱ्या माणसांच्या अडचणी सगळ्यांसमोर सोडवायचा आणि ती कित्येक वर्षं चालू होती. म्हाताऱ्यानं 'जे होतं ते बऱ्यासाठी' म्हटलं नाही. तो कोर्टात गेला आणि शेजारच्या इमारतीत जागा भाड्यानं घेऊन शुक्रवारची कार्यशाळा चालू ठेवली. जानेवारी २००६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला मंडळावरून काढणं बेकायदा ठरवलं. २००७च्या जुलैमध्ये तो वारला तो त्याच संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या राहत्या घरी, त्र्याण्णवाव्या वर्षी.

दुसरी मर्यादा आजाराची. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच रस नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर तो विचारांचा आळस नसून आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. मधुमेहाच्या माणसाला आपण 'गोड विचार कर' म्हणत नाही. (एलिसला स्वतःला चाळिशीपासून मधुमेह होता, तो पथ्य पाळायचा आणि इन्सुलिन घ्यायचा.) केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीसह अनेक भाषांत. हा नंबर फोनमध्ये ठेवावा. आपल्याला नाही लागला तर होस्टेलवरच्या शेजाऱ्याला लागेल.

आता एलिसच्या एका आवडत्या गृहपाठाबद्दल, कारण तो आपल्या मंडळींना फार उपयोगी आहे असं मला वाटतं. लोकांच्या हसण्याला घाबरणाऱ्यांना तो मुद्दाम हास्यास्पद गोष्टी करायला लावायचा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत उभं राहून प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्यानं पुकारायचं. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवायचं. अट एकच, कुणाला इजा होईल किंवा नोकरी जाईल असं काही करायचं नाही. लोक बघतात, हसतात, आणि आपल्या वाटेनं निघून जातात. तेवढंच होतं, हे कळण्यासाठी हा उपद्व्याप.

आपल्याकडे केळ्याची गरज नाही. आपल्याकडे पुण्याचे नातेवाईक आहेत.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांना ही लाज चांगली ओळखीची असते. घरी आजीशी भडाभडा मराठी बोलणारा मुलगा पुण्याच्या लग्नात गेला की एकदम गप्प होतो. 'मी येऊन राहिलो' म्हटलं की आतेभावंडं खिदळतात. 'ण'चा 'न' झाला की कुणीतरी दुरुस्त करतं. मग तो हिंदीत बोलतो किंवा मोबाइलमध्ये डोकं घालतो. घटना: कुणीतरी हसलं. ग्रह: 'मला शुद्धच बोलता आलं पाहिजे, नाहीतर बोलूच नये.' परिणाम: चार पिढ्या टिकवलेली भाषा एका हॉलच्या जेवणाच्या रांगेत सुटते. मराठी टिकत नाही म्हणून आपण सभा घेतो, ठराव करतो. ती टिकत नाही त्याच्या कारणांत हे दोन 'च' फार वरच्या नंबरावर आहेत, असं माझं मत आहे.

त्यांना काढून वाक्य कसं होईल? 'मला नीट बोलता आलं तर आवडेल. चुकलं तर कुणी हसेल, तेव्हा थोडं ओशाळल्यासारखं होईल. तेवढं मला सोसवेल.' यात कुठेही 'मी उत्तम बोलतो' असा खोटा दिलासा नाही. हसणारे हसणार नाहीत अशी आशाही नाही.

गणेशोत्सवाची तयारी आता सुरू होईल. आपल्या मंडळाच्या बैठकीत दरवर्षी एक शांतता पसरते, ती निवेदन कोण करणार असं विचारल्यावर. वर्गणी गोळा करायला, मांडव घालायला, मोदक वाढायला दहा हात वर होतात. माइकसाठी एकही नाही. मग नेहमीच्याच त्या काकू उभ्या राहतात, बावीस वर्षांपूर्वीच्या त्याच चारोळ्या घेऊन. यंदा विशी-पंचविशीतल्या कुणीतरी हात वर करावा. कागदावर लिहून आणलं तरी चालेल. मध्येच हिंदी शब्द आला तरी चालेल. पहिल्या रांगेतले एखादे आजोबा मान हलवून 'बोलणे नव्हे, बोलणं म्हण' किंवा त्याच्या उलट काहीतरी पुटपुटतील. त्यांना पुटपुटू द्यावं आणि पुढच्या कलाकाराचं नाव पुकारावं.